कोबीच्या शेतात पडलेलं रॉकेट, आणि पेपरवाल्यांनी हसण्यावारी नेलेले गोडार्ड

नगर, राहुरी, पारनेर तालुक्यांच्या शिवेवरच्या गावांना के. के. रेंज काय आहे ते सांगायला नको. कांद्याला दारं धरताना लांबून धडाम असा आवाज येतो, पत्र्याचं शेड थरथरतं, बैल कान टवकारतात आणि आपण पुन्हा पाण्याकडं बघतो. याच रेंजवर २२ सप्टेंबर २०२० रोजी अर्जुन रणगाड्यातून लेसरच्या मदतीने जाणारं रणगाडाभेदी क्षेपणास्त्र डागलं गेलं आणि तीन किलोमीटरवरचं लक्ष्य त्यानं अचूक फोडलं. पुण्याच्या एआरडीई आणि एचईएमआरएल या प्रयोगशाळांचं त्यात मोठं काम होतं. ती बातमी वाचून माझ्या पुतण्यानं मला विचारलं, काका, हे असलं उडणारं पहिल्यांदा कुणी बनवलं? मला उत्तर आलं नाही. शेतकरी माणूस, शिक्षण बारावी, त्यामुळं लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, पण प्रश्न डोक्यात राहिला. मग शोधत गेलो आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. त्यांचं नाव रॉबर्ट गोडार्ड. अमेरिकेचे. १९४५ साली गेले.

आता पहिलं रॉकेट यांनी केलं असं कुणी म्हणू नये. चिनी लोक बाणाला दारूची नळी बांधून सोडत होते. १२३२ साली कायफंग शहराच्या वेढ्यात मंगोलांवर असली आगीची हत्यारं चालली. आपल्याकडंही हे नवं नाही. दिवाळीत बाटलीत ठेवून उडवतो त्याला आपण अजून बाणच म्हणतो ना? पेशवाईच्या काळातल्या कागदांत तोफा, जेजाला यांच्या बरोबरीनं बाण येतात, ते हेच. म्हैसूरच्या हैदरअली आणि टिपूनं बांबू-कागदाऐवजी लोखंडी नळी वापरली, त्यामुळं दारू जास्त दाबाखाली जळायची आणि बाण लांब जायचा. १७८० साली पोल्लिलूरला इंग्रजांनी त्याचा मार खाल्ला. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर तिथले बाण इंग्लंडला गेले, आणि ते पाहून विल्यम काँग्रीव्हनं इंग्रजी फौजेसाठी रॉकेटं बनवली. नंतर तोफा सुधारल्या, लांबवर आणि नेमक्या मारू लागल्या, आणि बाण मागं पडला. शंभर वर्षांपूर्वी रॉकेट म्हणजे शोभेची दारू, नाहीतर बुडत्या जहाजाकडं दोर फेकायचं साधन, एवढीच त्याची किंमत उरली होती. गोडार्ड आले ते इथं.

त्यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ चा, मॅसेच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर गावचा. घर खाऊनपिऊन सुखी. वडिलांना यंत्रांचा नाद. पोरगं मात्र कायम आजारी. आज सर्दी, उद्या छाती, परवा पोट. त्यामुळं शाळेत वर्गमित्रांच्या दोन वर्षं मागं पडला. घरी पडून वाचायचा आणि काहीतरी खटपट करायचा. सोळाव्या वर्षी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा घेऊन त्याचा फुगा केला, त्यात हायड्रोजन भरला. फुगा जड झाला, उडालाच नाही. त्यानं ते वहीत लिहून ठेवलं. फसलेलं लिहून ठेवायची ही सवय पुढं जन्मभर राहिली.

१९ ऑक्टोबर १८९९ ला, वय सतरा, तो घरामागच्या कोठाराजवळच्या चेरीच्या झाडावर वाळक्या फांद्या छाटायला चढला. हातात करवत आणि कुऱ्हाड. वर बसल्या बसल्या खालच्या गवताकडं बघताना त्याला वाटलं, इथून मंगळापर्यंत जाणारं काही करता आलं तर? एच. जी. वेल्सची मंगळावरच्या लोकांची कादंबरी त्यानं नुकतीच वाचलेली होती, तिचाही तो परिणाम. उतरला तेव्हा आपण वेगळाच माणूस झालो असं त्याला वाटलं. पुढं आयुष्यभर ते दरवर्षी १९ ऑक्टोबर आठवणीनं पाळायचे, जमेल तेव्हा त्या झाडापाशी जाऊन यायचे. आपण कुणी झाडावर चढलो तर शेळ्यांना पाला घेऊन उतरतो. असो.

पुढचं शिक्षण त्यांनी जिद्दीनं केलं. वूस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १९०८ ला पदवी, क्लार्क विद्यापीठातून १९११ ला भौतिकशास्त्रात डॉक्टरेट. मग प्रिन्स्टनला संशोधनाला गेले आणि तिथून १९१३ साली क्षयरोग घेऊन घरी आले. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. डॉक्टरांनी दोन आठवडे दिले होते. गोडार्ड पडल्या पडल्या कागद मागवून घेत आणि रॉकेटची मांडणी लिहून काढत. दोन आठवडे गेले, दोन महिने गेले, माणूस उठून फिरायला लागला. जुलै १९१४ मध्ये त्यांना दोन पेटंट मिळाली. एक टप्प्याटप्प्यानं पेटणाऱ्या रॉकेटचं, म्हणजे खालचा भाग जळून गळून पडतो आणि वरचा पुढं जातो. दुसरं पातळ इंधनावर चालणाऱ्या रॉकेटचं. आज श्रीहरिकोट्यावरून जे काही उडतं त्याच्या मुळाशी याच दोन कल्पना आहेत.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथंच झाला. रॉकेट पुढं का जातं? बऱ्याच जणांना वाटतं की मागून निघालेला जाळ हवेला ढकलतो आणि हवा रॉकेटला पुढं रेटते. तसं नाही. पाइपाला मोटारीचं पाणी एकदम जोरात आलं की पाइप हातातून मागं उसळतो. पाणी समोर कशावर आपटायच्या आधीच उसळतो. पाणी पुढं गेलं म्हणून पाइप मागं आला, एवढाच हिशेब. रॉकेटचं तेच. त्याला मागं हवा असायची गरज नाही. उलट हवा ही अडचण आहे. गोडार्डनी हे नुसतं कागदावर मांडलं नाही. १९१५ च्या सुमारास क्लार्क विद्यापीठात त्यांनी हवा काढून घेतलेल्या नळीत छोटी रॉकेटं पेटवून जोर मोजला. तो कमी तर झाला नाहीच, थोडा वाढलाच.

शिवाय त्यांनी साध्या दारूच्या रॉकेटची परीक्षा घेतली. दारूतली जेमतेम दोन टक्के ताकद कामी येते, बाकी वाया, असं निघालं. मग त्यांनी वाफेच्या टर्बाइनमध्ये वापरतात तसं, मधे गळा अरुंद आणि पुढं कर्ण्यासारखं उघडत जाणारं तोंड बसवलं. काम चाळीस टक्क्यांच्या पुढं गेलं. दोनावरून चाळीस. कुठल्या पिकात असा उतारा वाढला तर गाव लोटेल बघायला.

पगार मास्तराचा, खर्च स्वतःच्या खिशातून. शेवटी १९१६ ला त्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिलं आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ५,००० डॉलर मंजूर झाले. तेवढ्यात अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लष्करासाठी काही करता येईल का, म्हणून गोडार्ड कॅलिफोर्नियात माउंट विल्सनच्या दुकानात कामाला बसले. सोबत क्लॅरेन्स हिकमन नावाचा तरुण. स्फोटात या हिकमनच्या हाताची बोटं गेली, तरी तो परत कामावर आला. त्यांनी काय केलं, तर एका माणसाला उचलता येईल अशी हलकी नळी घेतली, दोन्ही तोंडं उघडी, आणि आत छोटं रॉकेट. तोफेला मागं जबरदस्त धक्का बसतो म्हणून तिला जड गाडा लागतो. इथं जाळ मागच्या तोंडातून निघून जातो, म्हणून धक्काच नाही. नोव्हेंबर १९१८ च्या पहिल्या आठवड्यात मेरीलँडमधल्या अबर्डीनच्या लष्करी मैदानावर अधिकाऱ्यांना हे दाखवलं. नळी टेकवायला गाडा नव्हता, तर वादक लोक समोर सुरांचा कागद ठेवतात तसले दोन हलके स्टँड आणले होते. नळी उडाली, स्टँड जागेवर. अधिकारी खूश झाले. आणि ११ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. नळी गेली कपाटात. ती कपाटातून कधी निघाली ते पुढं सांगतो.

यानंतर पेपरवाल्यांचा भाग, आणि मी पण त्यातलाच म्हणून लिहिताना हात जरा जड होतो.

गोडार्डनी आपलं सगळं काम ६९ पानांच्या एका निबंधात लिहिलं, आणि जानेवारी १९२० मध्ये स्मिथसोनियननं त्याची माहिती पेपरांना दिली. निबंधाचा विषय होता वातावरणाच्या वरच्या थरांपर्यंत उपकरणं कशी पोचवायची हा. शेवटी शेवटी एक हिशेब होता, की रॉकेट चंद्रापर्यंत गेलं आणि तिथं चकाकी देणारी दारू पेटली तर दुर्बिणीतून दिसेल का. झालं. बाकीची पानं कुणी वाचली नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळीकडं चंद्रावर जाणारा प्राध्यापक. काही जणांनी तर आम्हाला बसवून न्या म्हणून पत्रं पाठवली. आणि १३ जानेवारीला न्यूयॉर्क टाइम्सनं अग्रलेखाच्या पानावर त्यांची टिंगल केली. रॉकेटला रेटायला मागं हवा लागते, पोकळीत ते चालणार नाही, शाळेतल्या पोरांना कळतं ते या प्राध्यापकाला कळत नाही, असा त्याचा सूर. ज्या माणसानं पोकळीत रॉकेट पेटवून मोजलं होतं, त्याला! फोन करून विचारायची सोय तेव्हाही होती.

मला हसायचा हक्क नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका पोरानं जुन्या मोपेडचं इंजिन लावून कांद्यात खुरपणी करायचं यंत्र केलं. पहिल्याच दिवशी ते सरी सोडून बांधावर चढलं आणि आडवं झालं. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि वर गमतीचं हेडिंग टाकलं. खूप चालला तो. त्या पोराला लोक चौकात, लग्नात, सगळीकडं यंत्राचं नाव घेऊन हाका मारायला लागले. पुढं मी त्याच्या वस्तीवर गेलो, तर त्यानं पाणी दिलं, चहा दिला, यंत्राचं विचारलं तर भंगारात घातलं म्हणाला. खरं की खोटं मला माहीत नाही. शेडचं दार मात्र ओढून घेतलं होतं.

गोडार्डनीही दार ओढून घेतलं. भांडले नाहीत, पण जिथंतिथं काम सांगणं थांबवलं. आता सगळा दोष पेपरवर टाकणंही बरोबर नाही. मुळात ते हातचं राखून असणारे, पेटंटची काळजी असणारे गृहस्थ होते. पण आधीच लाजाळू असलेल्याची चार चौघांत टोपी उडवली तर काय होतं, ते आपल्याला गावाकडं राहून चांगलं ठाऊक आहे.

काम चालूच होतं. कोरड्या दारूत पुरेशी ताकद नाही, आणि एकदा पेटली की आवरता येत नाही, म्हणून ते पेट्रोल आणि पातळ केलेला ऑक्सिजन यांच्याकडं वळले. हा पातळ ऑक्सिजन उणे १८३ अंशावर उकळतो. एका नळीत एवढं गार, शेजारी पेटतं पेट्रोल, मधे पातळ पत्र्याचं काम. यात पाच वर्षं गेली. मधे १९२४ ला लग्न झालं. एस्थर किस्क विद्यापीठातच नोकरीला होत्या, गोडार्डचे कागद टाइप करायच्या. त्या पुढं त्यांच्या फोटोग्राफर झाल्या, हिशेबनीस झाल्या, आणि रॉकेट पडल्यावर गवत पेटलं तर विझवायलाही त्याच.

१६ मार्च १९२६. वूस्टरजवळचं ऑबर्न गाव. लांबच्या नात्यातल्या एफी वॉर्ड यांचं शेत, गोडार्ड त्यांना एफी मावशी म्हणत. जमिनीवर बर्फ. चार माणसं हजर: गोडार्ड, एस्थर, कारागीर हेन्री सॅक्स आणि प्राध्यापक पर्सी रूप. रॉकेट म्हणजे दहा फुटी नळ्यांचा सांगाडा, इंजिन वर आणि टाक्या खाली. आज बघितलं तर कुणी ठिबकचं सामान म्हणेल. सॅक्सनं लांब काठीला लावलेल्या दिव्यानं ते पेटवलं. आवाज सुरू, जाळ सुरू, पण ते हलेना. थोडं इंधन जळून हलकं झालं तेव्हा कुठं सुटलं. अडीच सेकंद हवेत, ४१ फूट उंच, १८४ फूट लांब, आणि कोबीच्या शेतात आडवं. एस्थरच्या कॅमेऱ्याची चावी सातच सेकंद चालायची. रॉकेट उठायच्या आधीच ती संपली. म्हणून जगातलं पहिलं पातळ इंधनाचं रॉकेट उडताना कुणाकडंच चित्र नाही. गोडार्डनी ते पेपरला कळवलंही नाही.

पेपरला कळलं ते १७ जुलै १९२९ ला. त्या दिवशीचं रॉकेट मोठं होतं, त्यात तापमापक, वायुभारमापक आणि छोटा कॅमेरा होता, म्हणजे हवामानाचं उपकरण घेऊन उडालेलं हे पहिलंच. गेलं जेमतेम ९० फूट, पण आवाज इतका की लोकांना विमान पडलं असं वाटलं. पोलीस आले, रुग्णवाहिका आली, मागोमाग वार्ताहर आले. चंद्राचं रॉकेट दोन लाख अडतीस हजार मैलांनी हुकलं, अशी थट्टा छापून आली. राज्याच्या अग्निशमन अधिकाऱ्यानं तिथं पुढचे प्रयोग बंद केले.

पण याच गोंगाटामुळं बातमी चार्ल्स लिंडबर्गपर्यंत गेली. अटलांटिक एकट्यानं विमानातून ओलांडणारे ते हेच. ते स्वतः येऊन भेटले, आणि त्यांच्या शब्दावर गुगेनहाइम या धनिक घराण्यानं वर्षाला २५,००० डॉलर असे पैसे द्यायला सुरुवात केली. १९३० ला गोडार्ड न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला गेले. मोकळं माळरान, कोरडी हवा, छातीलाही बरी. शेजाऱ्यांना आवाजाची तक्रार नाही, कारण शेजारच नाही. तिथं चार-पाच माणसं हाताशी घेऊन त्यांनी रॉकेट सरळ ठेवणारा भोवरा बसवला, जाळात फिरणारी पाती बसवली, १९३५ ला आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जाणारं रॉकेट उडवलं. १९३७ ला एक रॉकेट आठ-नऊ हजार फुटांवर गेलं. मात्र इतर शास्त्रज्ञ सोबत काम करू म्हणाले तर ते तयार नसत. ही त्यांची चूकच म्हणावी लागेल. तिकडं जर्मनीत हेच काम सरकारी पैशावर शेकडो माणसं मिळून करत होती, आणि १९४४ मध्ये त्यांचे व्ही-टू लंडनवर पडायला लागले.

१९४० ला गोडार्ड आपलं काम घेऊन अमेरिकी लष्कराकडं गेले होते. लांब पल्ल्याच्या रॉकेटमध्ये कुणाला रस नव्हता. विमानाला उड्डाणाच्या वेळी जोर देणारं रॉकेट करा, एवढंच काम नौदलानं दिलं.

आणि ती कपाटातली नळी? दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांपुढं साध्या शिपायाच्या हातात काहीच नव्हतं. तेव्हा क्लॅरेन्स हिकमन, तोच बोटं गमावलेला, सरकारच्या रॉकेट विभागाचा प्रमुख होता. त्याला १९१८ ची नळी आठवत होती. लेस्ली स्किनर आणि एडवर्ड उल या लष्करी अधिकाऱ्यांनी रॉकेटच्या तोंडाला पोकळ स्फोटक बसवलं. ह्याची गंमत अशी की स्फोटकात आतून नरसाळ्यासारखा खळगा असतो, त्याला धातूचं अस्तर. स्फोट झाला की अस्तराची धातू बारीक धारेसारखी एका ठिकाणी घुसते आणि पोलाद भोसकते. त्यासाठी गोळा वेगात लागत नाही, म्हणजे हळू जाणारं रॉकेटही चालतं. हीच ती बझुका. नळी ६० मिलिमीटरची, खांद्यावर घ्यायची. १९४२ ला उत्तर आफ्रिकेत ती पहिल्यांदा गेली, म्हणजे अबर्डीननंतर चोवीस वर्षांनी. जर्मनांच्या हाती पडल्यावर त्यांनी तिच्यावरून स्वतःची ८८ मिलिमीटरची केली. नंतर रॉकेटला मागं बारीक तार बांधून वाटेत वळवायची युक्ती आली, फ्रेंचांनी त्यात आघाडी घेतली, आपल्या हैदराबादच्या भारत डायनॅमिक्समध्ये बनणारं मिलान तारेवरचंच. नाग त्याच्या पुढचं, ते लक्ष्याची उष्णता पाहून आपलं आपण जातं. के. के. रेंजवरचं लेसरचं.

मार्च १९४५ मध्ये जर्मनांकडून जप्त केलेल्या व्ही-टूचे भाग गोडार्डना बघायला मिळाले. आत पंप, भोवरा, जाळातली पाती. आपलंच काम मोठ्या आकारात समोर आहे, अशी त्यांची खात्री झाली. जर्मनांनी किती घेतलं आणि किती स्वतः केलं यावर लोक अजून वाद घालतात. त्याच उन्हाळ्यात घशाचा कॅन्सर निघाला. आवाज गेला, तरी ते लिहून कामगारांना सूचना द्यायचे. १० ऑगस्ट १९४५ ला बाल्टिमोरला ते वारले, वय ६२. आदल्या दिवशी नागासाकीवर बॉम्ब पडला होता, त्यामुळं पेपरात त्यांना किती जागा मिळाली असेल ते तुम्हीच बघा.

पुढचं एस्थरनं केलं. वह्या, रेखाटनं, फोटो लावून त्यांनी आणखी १३१ पेटंट मिळवली, एकूण २१४ झाली. १९५९ ला नासानं एका केंद्राला गोडार्डचं नाव दिलं. १९६० ला अमेरिकी सरकारनं पेटंट वापरल्याबद्दल एस्थर आणि गुगेनहाइम संस्थेला दहा लाख डॉलर दिले.

आणि १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ चंद्राकडं निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, न्यूयॉर्क टाइम्सनं लहानशी दुरुस्ती छापली. रॉकेट पोकळीतही चालतं हे आता सिद्ध झालं आहे, आमची चूक झाली, असा तिचा आशय होता. अग्रलेख छापल्याला एकोणपन्नास वर्षं झाली होती, आणि गोडार्ड जाऊन चोवीस.

ऑबर्नला एफी मावशींच्या शेतात पुढं गोल्फचं मैदान झालं. रॉकेट उडालं तिथं खुणेचा दगड लावलेला आहे.